लांब फेकीचा हट्ट आणि साठीतला खांदा

पाच नंबरच्या फ्लाय लाइनचे पहिले तीस फूट वजनाला भरतात जेमतेम ९ ग्रॅम. ट्राउट मासे पकडायला सर्रास वापरतात ती हीच दोरी. तिच्या टोकाची पिसांची नकली माशी वजनात धरण्याजोगी नसते आणि नऊ फुटांची ग्राफाइटची काठी शंभर ग्रॅमच्या आसपास असते. एवढ्या हलक्या सामानाने धडधाकट माणसाचा खांदा जायबंदी व्हावा, हे चटकन पटत नाही. पण फ्लाय फिशिंगची फेक शिकवणाऱ्या प्रशिक्षकांची एक पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा दुखऱ्या सांध्यांत खांद्याचा नंबर पहिला लागला. कोपर आणि मनगट त्याच्या मागे. ज्यांची फेक बघून इतरांनी शिकायचं, त्यांचेच खांदे ठणकत होते.

याचा ठपका वयावर ठेवून मोकळं होणं सोपं आहे. ‘आता वय झालं, पुरे करा,’ असं घरचे सांगतात आणि कधीकधी डॉक्टरही सांगतात. वयाचा वाटा आहेच. पण या खेळात पिढ्यान्पिढ्या जपलेला लांब फेकीचा आणि एकाच हाताचा हट्ट खांद्याला जास्त नडतो. वय मागे नेता येत नाही, हट्ट मात्र सोडता येतो.

साध्या गळात शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं. इथे उलटं आहे. दोरी हेच वजन. ती आधी पाठीमागे हवेत भिरकावायची, मागे सरळ होऊ द्यायची आणि मग पुढे सोडायची. माशी पाण्यावर टेकण्याआधी अशा दोन-तीन कोऱ्या फेकी हवेतच होतात. नदीत आठ तास उभं राहिलेल्या माणसाचा हात दिवसभरात शेकडो वेळा डोक्याच्या उंचीला जाऊन येतो. त्यातून वर्षाचे अकरा महिने खुर्चीत बसणारा माणूस आठवड्याच्या सुट्टीत हे सगळं एकदम करतो.

खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेलं लिंबू. हाताला सगळ्या दिशांनी फिरू देण्याच्या बदल्यात त्याने स्थैर्य गमावलं आहे. ते लिंबू जागेवर धरून ठेवतात चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा, म्हणजेच रोटेटर कफ. त्यातली सर्वांत वरची कंडरा दंडाचं हाड आणि खांद्याच्या टोकाचं हाड यांच्यामधल्या अरुंद जागेतून जाते. हात बाजूने साधारण ६० ते १२० अंशांपर्यंत उचलताना तिच्यावर सर्वाधिक ताण येतो. कळ येते ती नेमकी तिथे, आणि एका हाताच्या उंच फेकीत हात वारंवार जातो तोही तिथेच.

शिकवणाऱ्यांनीही या दुखण्याला हातभार लावला. काठी घड्याळाच्या दहा आणि दोन या आकड्यांमध्येच हलवायची, हा जुना दंडक. नॉर्मन मॅक्लिन यांच्या ‘अ रिव्हर रन्स थ्रू इट’ या १९७६ च्या पुस्तकात माँटानातला पाद्री बाप आपल्या मुलांना मेट्रोनोमच्या ठेक्यावर अशीच फेक शिकवतो. रॉबर्ट रेडफर्ड यांनी १९९२ मध्ये त्यावर चित्रपट काढला आणि ती डौलदार फेक जगभर पोहोचली. पडद्यावर ती सुंदर दिसते. साठीतल्या माणसाने लांब पल्ल्यासाठी तीच फेक हात उंचावून आणि जोर लावून केली, की सगळा भार दंड आणि खांद्यावर पडतो.

मेरीलँडचे फेकीचे शिक्षक लेफ्टी क्रे या दंडकाविरुद्ध आयुष्यभर बोलले. कोपर जणू एका फळीवर टेकलेलं आहे असं समजा, ते खांद्याच्या वर नेऊ नका, काठी मागे लांबवर न्या आणि अंग वळवा, अशी त्यांची शिकवण. २०१८ मध्ये त्र्याण्णव्या वर्षी ते वारले. फेकीच्या स्पर्धांत उतरणाऱ्या जोन वुल्फ यांनी १९६० मध्ये १६१ फुटांची फेक केली होती. त्या मूळच्या नृत्यशिक्षिका. आडदांड पुरुषांच्या शेजारी उभं राहून एवढा पल्ला गाठायचा, तर दंडाच्या ताकदीवर विसंबून चालणार नव्हतं. पाय, कंबर, हात आणि मनगट यांचा क्रम त्यांनी नीट बसवला, त्यावर पुस्तक लिहिलं आणि १९७९ मध्ये पती ली वुल्फ यांच्यासह न्यूयॉर्क राज्यातल्या कॅटस्किल भागात शाळा काढली.

मुळात एवढी लांब फेक लागते कुठे? नदीतले बहुतेक ट्राउट चाळीस फुटांच्या आत लागतात. साठ-सत्तर फुटांची दोरी हवेत खेळवणं हा बहुतेक वेळा काठावरच्या मित्रांसाठी केलेला देखावा असतो. दोन पावलं पुढे सरकलं तर फेक तेवढी आखूड होते आणि खांदा वाचतो.

पर्यायही हाताशी आहेत. स्कॉटलंडच्या स्पे नदीवर, मागे दोरी भिरकावायला जागा नसलेल्या झाडीच्या काठांवर, एकोणिसाव्या शतकात दोन हातांची फेक रुजली. तेरा-चौदा फुटांच्या काठीचं बूड खालचा हात ओढतो, वरचा हात दिशा देतो आणि भार दोघांत वाटला जातो. जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची तेंकारा पद्धत तर आणखी सुटसुटीत. तिथे रीळ नाही, दोरी थेट काठीच्या टोकाला. पल्ला तोकडा, पण मनगटाच्या हलक्या झटक्यात काम होतं. ‘पॅटागोनिया’ कंपनीचे संस्थापक इव्हॉन शुइनार्ड यांनी पंचाहत्तरीत या पद्धतीवर दोघा मित्रांसह पुस्तक लिहिलं. असं असूनही अनेक जुने मासेमार एका हाताची काठी सोडायला तयार होत नाहीत. दोन हातांची काठी म्हणजे म्हातारपणाची कबुली, असं त्यांना वाटतं. सॅमनच्या मागे लागलेले स्कॉटिश तरुण शतकभर तीच वापरत आले आहेत, हे ते विसरतात.

दुसरा हट्ट दवाखान्यात भेटतो. एमआरआयच्या अहवालात ‘टेअर’, म्हणजे कंडरा फाटली आहे, असा शब्द दिसला की पेशंट हादरतो आणि ऑपरेशनचा हट्ट धरतो. एका जर्मन अभ्यासात खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या ४११ जणांची सोनोग्राफी केली गेली. पन्नाशीतल्या १३ टक्के, सत्तरीतल्या ३१ टक्के आणि ऐंशीपुढच्या ५१ टक्के लोकांची कंडरा फाटलेली निघाली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. म्हणजे चित्रातली फट आणि अंगातली कळ यांचा हिशेब दरवेळी जुळत नाही. अमेरिकेत पडण्या-आपटण्याशिवायच कंडरा पूर्ण फाटलेल्या ४५२ जणांना आधी फिजिओथेरपी दिली गेली. दोन वर्षांत त्यांच्यातल्या पाऊण लोकांना ऑपरेशन लागलं नाही. कंडरेवरचं हाड घासून जागा करण्याचं ऑपरेशन एकेकाळी सर्रास व्हायचं. ब्रिटनमध्ये त्याची तुलना लुटुपुटूच्या ऑपरेशनशी केली गेली. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा दोन्ही गटांत पेशंटला जाणवेल असा फरक नव्हता.

माँटानाची नदी कधी न पाहिलेल्या मराठी वाचकालाही हे लागू आहे. शर्टाच्या बाहीत हात घालताना ब्रह्मांड आठवतं, फळीवरचा डबा काढता येत नाही, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. पन्नाशीतला फ्रोझन शोल्डर मधुमेहींना जास्त गाठतो आणि २०२३ च्या आयसीएमआर-इंडियाब अहवालानुसार देशात मधुमेही दहा कोटींवर आहेत. फ्रोझन शोल्डर हा आजार कंडरा फाटण्याहून वेगळा. इथे सांध्याचं आवरणच आखडतं आणि सैल व्हायला एक ते तीन वर्षं घेतं. म्हणून ‘खांदा दुखतो’ एवढ्यावर शेजाऱ्याच्या व्यायामाची नक्कल करणं धोक्याचं.

एका प्रसंगी मात्र थांबून चालत नाही. शेवाळलेल्या गोट्यावरून पाय घसरला, हात टेकून पडलं आणि त्यानंतर हात वर उचलेनाच, तर कंडरा एका झटक्यात तुटलेली असू शकते. महिनोन्‌महिने वाट पाहिली तर स्नायू आक्रसतो, त्यात चरबी भरते आणि टाके घालणं अवघड होतं. अशा वेळी आठवड्याभरात अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. नदीत उतरताना आधाराची काठी सोबत असेल, तर हा प्रसंग बऱ्याचदा टळतोही.

बाकीच्यांनी फिजिओथेरपिस्टकडे जाताना मासेमारीची काठी बरोबर न्यावी. ती सहसा चार तुकड्यांची असते. मुठीचा तुकडा हातात धरून दवाखान्यातच फेक करून दाखवली, तर कळ नेमकी कोणत्या क्षणी येते, कोपर किती वर जातं आणि कंबर वळते की नाही, हे समोरच्याला दिसतं. त्यावरून कोणत्या स्नायूला बळ द्यायचं आणि फेकीत काय बदलायचं, हे त्याच भेटीत ठरवता येतं.