पट्टा आपल्या नावाचा, दाणा मात्र दुकानाचा

२००६ च्या वनहक्क कायद्यासाठी आपण मोर्चे काढले, दावे भरले. जमीन मागितली ती पोटासाठी. आज रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्ट्यात कितीतरी वावरांत धुऱ्यापासून धुऱ्यापर्यंत पऱ्हाटीच असते, अन् ज्वारी-तूर आपण दुकानातून आणतो.

कापूस लावूच नका, असं आम्ही म्हणत नाही. पोरांची फी, दवाखाना पैशाशिवाय होत नाही. पण हिशेब पाहा. कापसाचा पैसा दिवाळीच्या मागंपुढं येतो, त्यातून आधी कृषी केंद्राची उधारी जाते. आषाढ-श्रावणात घरात दाणा नाही. रेशनचं धान्य कायद्यानं माणशी ५ किलो, त्यात डाळ नाही.

आधी पऱ्हाटीत तुरीचे तास असत. आता चोरबीटी आली. तिच्यावर तणनाशक मारलं की पऱ्हाटी तेवढी वाचते. तूर, बरबटी, तरोट्याची भाजी सगळं जळतं. या बियाण्याला सरकारची परवानगी नाही. पीक बुडालं तर दाद मागायला पक्की पावतीही नसते.

एकट्यानं ज्वारी पेरली तर पाखरं अन् रानडुकरं ठेवत नाहीत, हेही खरं. म्हणून पेरणीआधी ग्रामसभेत ठरवू : घरटी अर्धा-एक एकर खाण्याचं पीक, शक्यतो एकमेकांच्या धुऱ्याला लागून, अन् राखण पाळीपाळीनं. पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव असतं, तर बियाणं कोणतं आणायचं हेही दोघांनी मिळून ठरवायचं.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या, ठराव लिहून ठेवा.

जय सेवा!