धबधबे पाहायचे तर आश्विनात

सप्टेंबर सरत आला की मोबाइलवर लाल-पिवळ्या पानांचे फोटो यायला लागतात. 'ऑटम स्पेशल' टूर. विमानानं श्रीनगर, चिनारच्या गळालेल्या पानांच्या ढिगात बसून काढलेला फोटो, पाच रात्री सहा दिवस. ज्यांना ते परवडत नाही ते फोटो पुढं पाठवतात आणि खाली लिहितात, आपल्याकडे आता काय उरलंय पाहण्यासारखं? धबधबे होते, ते जुलैत पाहून झाले.

या वाक्याशी माझं भांडण आहे. धबधबे जुलैत पाहून होत नाहीत. जुलैत आपण गर्दी पाहतो, गाड्यांची रांग पाहतो आणि पाण्यात उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसांची पाठ पाहतो. सह्याद्रीतला धबधबा पाहायचा, सोबत रानाचा रंग पाहायचा, तर ते दिवस आश्विनाचे. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचा मध्य. त्या वेळी आपण घरात बसून काश्मीरचे फोटो पाहत असतो.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून हा घोळ कुठून सुरू होतो ते रोज समोर दिसतं. इंग्रजीतला 'ऑटम' आला की मराठीत 'शरद' लिहायचा आणि उर्दूत 'खिजां'. तीन शब्द, अर्थ एक, मार्क दोन. मग मुलं चित्र काढतात: तपकिरी झाड, खाली पानांचा सडा. चित्र काढून झाल्यावर खिडकीबाहेर पाहा म्हटलं तर बाहेर कडुनिंब हिरवागार उभा असतो. कुणालाच त्यात विसंगती वाटत नाही. पुस्तकातला ऋतू वेगळा, खिडकीतला वेगळा, हे आपण इतक्या लहानपणीच मान्य करून टाकतो.

खिजां हा फारसी शब्द. तो जिथून आला तिथं ऑक्टोबर-नोव्हेंबरात पानं खरोखरच गळतात. काश्मीरमध्येही गळतात, तिथं त्या ऋतूला 'हरुद' म्हणतात. दिवस लहान होतो, थंडी उतरते, झाड पानातला हिरवा रंग मोडीत काढतं आणि खाली दडलेला पिवळा वर येतो. चिनार पेटल्यासारखा दिसतो तो त्यामुळे. पाहण्यासारखंच आहे ते. ज्याला जमेल त्यानं जरूर जावं, माझी तक्रार चिनारशी नाही.

पण दख्खनमधलं झाड थंडीला घाबरून पान टाकत नाही. ते पाणी संपत आलं म्हणून टाकतं. साग, पळस, सावर उघडे पडतात ते माघ-फाल्गुनात. आपल्या सहा ऋतूंत पानगळीचा ऋतू शिशिर आहे, शरद नव्हे. अगदी दिल्लीतसुद्धा, जिथं उर्दू नावारूपाला आली, रस्त्यावर पानांचा खच पडतो तो फेब्रुवारी-मार्चमध्ये. आणि लाल पानांचाच सोस असेल तर मार्चमध्ये कोकणातल्या एखाद्या घाटात कोशिंबाचं झाड पाहा. नवी पालवी इतकी लालभडक येते की अनोळखी माणूस तिला फुलं समजतो. त्याची टूर कुणी काढत नाही.

दखनीच्या जुन्या कवींना हे कळत होतं. मुहम्मद कुली कुतुबशहा गोवळकोंड्याचा सुलतान, फारसी वळणात वाढलेला, पण त्यानं इथल्या पावसावर लिहिलं, इथल्या सणांवर, फळांवर, भाज्यांवर लिहिलं. चारशे वर्षांनंतर आम्ही मात्र शाळेत इराणची पानगळ शिकवतो आणि सह्याद्रीचा शरद विसरतो.

काय असतं या शरदात? हस्त नक्षत्र सत्तावीस सप्टेंबरच्या आसपास लागतं. हत्तीचा पाऊस म्हणतात तो हाच, पडला तर दणकून पडतो, नाही तर दिवसभर ऊन. आकाश धुतल्यासारखं निळं. घाटातली हवा निवळलेली, समोरचा डोंगर बोटानं शिवता येईल असा जवळ आलेला. सड्यांवर सोनकीचा पिवळा रंग पसरलेला, मध्येच तेरड्याचा गुलाबी, पाणथळ जागी सीतेच्या आसवांचा जांभळा. गवताला तुरे आलेले, उतारांचा हिरवा रंग उन्हाकडून सोनेरी व्हायला लागलेला. आपली 'फॉलिएज' ही आहे. ती झाडावर कमी आणि जमिनीवर जास्त असते, म्हणून ती पाहायला गाडीतून उतरावं लागतं.

आणि पाणी. जुलैतला धबधबा गढूळ असतो, तांबडी माती, फांद्या, कधी दगड घेऊन उतरतो. धुकं इतकं की अनेकदा नुसता आवाज ऐकून परत यावं लागतं. आश्विनातलं पाणी वेगळं. डोंगराच्या माथ्यावरचा जांभा दगड सच्छिद्र असतो, चार महिने प्यालेलं पाणी तो हळूहळू सोडतो. म्हणून पाऊस थांबल्यावरही मोठे धबधबे वाहत राहतात, बारीक होतात, पण काचेसारखे स्वच्छ. मागचा कातळ दिसतो, त्यावरचं नेचं दिसतं. रस्त्याकडेचे छोटे धबधबे तोवर आटतात, हे खरं. सगळेच मिळणार नाहीत. जे उरतात ते मात्र नीट पाहता येतात.

आता जी गोष्ट बोलायला कुणाला आवडत नाही ती बोलतो. ३० जून २०२४, रविवार. लोणावळ्याला भुशी धरणाजवळ पुण्याच्या हडपसर भागातल्या एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एक बाई आणि चार मुलं. आपल्याच समाजातलं कुटुंब. एकमेकांना घट्ट धरून प्रवाहाच्या मध्यभागी उभे असलेले ते लोक, तो व्हिडिओ तुमच्याही मोबाइलवर आला असेल. त्यानंतर साधारण पंधरवड्यानं रायगडमध्ये कुंभे धबधब्याजवळ रील करायला गेलेली एक तरुणी दरीत कोसळून गेली. मग जिल्हा प्रशासनाचे मनाईचे आदेश निघाले, दोन-तीन रविवार पोलीस उभे राहिले.

तेव्हा लोकांनी काय लिहिलं? बेजबाबदार लोक. अडाणी लोक. आपल्यातल्या काहींनी लिहिलं, तफरीहच्या नादात जीव गमावला. मला हे फार क्रूर वाटतं. ती माणसं मुलांना पाणी दाखवायला गेली होती. त्यांना कुणी सांगितलं होतं का, की तुम्ही उभे आहात तिथं पाऊस नसला तरी वर डोंगरावर पडत असतो, आणि ते पाणी काही मिनिटांत खाली येतं? घोट्याएवढं पाणी कमरेपर्यंत चढायला फार वेळ लागत नाही, आणि शेवाळलेल्या दगडावर गुडघाभर वेगवान पाणीसुद्धा माणसाला उभं राहू देत नाही. हे भूगोलाच्या पुस्तकात असायला हवं होतं. तिथं काय होतं? तपकिरी झाड.

आणि ते रविवारीच का गेले? कारण आठवड्यातून तेवढाच दिवस मिळतो. कारखान्यात, गॅरेजमध्ये, दुकानात काम करणाऱ्याला पाऊस सुरू झाल्यावरचा पहिला-दुसरा रविवार हीच सुट्टी. सगळं शहर त्याच दिवशी त्याच रस्त्यावर. चार तास जायला, चार तास यायला, मधल्या दोन तासांत सगळी मजा वसूल करायची. अशा घाईत माणूस पाण्यात पुढं जाणारच. घाई हा त्या अपघाताचा अर्धा भाग आहे, असं माझं मत आहे.

आपल्यात आणखी एक रीत आहे, बासी ईदची सहल. ईदच्या दुसऱ्या दिवशी सगळा गोतावळा गाडीत भरून निघायचं. रीत छान आहे. पण ईद चंद्रावर चालते, दर वर्षी दहा-अकरा दिवस मागं सरकते, तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २०२३ मध्ये बकरीद जूनच्या अखेरीस होती, ऐन पावसात. आता ती मेमध्ये गेली आहे, म्हणजे कोरडे कातळ. ईद चंद्राची, धबधबा सूर्याचा. दोघांची गाठ घालायचा हट्ट कशाला? ईदला ईदची मजा करू, आणि सैर करायला वेगळा दिवस काढू. सैर करणं ही फुजूलखर्ची आहे असं म्हणणाऱ्या बुजुर्गांना अदबीनं सांगेन की जमिनीवर फिरा आणि पाहा असं कुरआनातच पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

वेगळा दिवस काढायचा तर निवांत काढायचा. पण 'निवांत' हा शब्द कुणासाठी, हे विचारल्याशिवाय पुढं जाता येत नाही. आपल्या सहलीचं नियोजन पुरुष करतात: गाडी कुणाची, निघायचं किती वाजता. घरातली बाई त्या दिवशी पहाटे तीनला उठलेली असते. बिर्याणी, कबाब, पोरांचे कपडे, सासऱ्यांच्या गोळ्या, चहाचा थर्मास. धबधब्यापाशी पोहोचल्यावर ती चटई अंथरते आणि वाढायला बसते. सगळे भिजून येतात, ती भांडी गोळा करते. परत आल्यावर चिखलाचे कपडेही तीच धुते. तिनं धबधबा किती पाहिला? आणि स्वच्छतागृह कुठं आहे हे कुणी आधी विचारलेलं नसतं, म्हणून ती दिवसभर पाणीही बेतानं पिते. याला सहल म्हणायचं असेल तर ती तिच्या श्रमावर काढलेली दुसऱ्यांची सहल आहे.

म्हणून माझी अट साधी आहे. सहलीत चूल नाही. गावातल्या खानावळीत पिठलं-भाकरी, भात-आमटी, अंडाकरी खायची. हलालचा प्रश्न असेल तर शाकाहारी खा, तीन दिवसांत कुणी वाळत नाही. आणि थांबे ठरवताना आधी घरातल्या बायकांना विचारायचं.

यंदा २ ऑक्टोबर शुक्रवारी येतो. सोमवारची एक किरकोळ रजा टाकली की चार दिवस होतात. आम्ही सांगली भागातले, आमचा बेत असा. शुक्रवारी सकाळी आरामात निघून कराड. तिथल्या जुन्या मशिदीचे दोन उंच मनोरे मुलांना दाखवायचे, जुम्याची नमाज पढायची, जेवायचं आणि पाटणवरून कोयनानगर. दोन मुक्काम तिथंच. शनिवारी नवजाच्या बाजूचा ओझर्डे धबधबा, दुसरं काही नाही. एका दिवसात एक धबधबा पुरे. रविवारी उशिरा निघून सातारा. गर्दीच्या दिवशी कास पठाराकडे फिरकायचंच नाही. सोमवारी पहाटे कास, दुपारी ठोसेघर, संध्याकाळी घर. दोन्ही ठिकाणं साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, दोन वेगळ्या वाटांना. चार दिवसांत एवढंच पाहायचं म्हटल्यावर आमच्या मेहुण्यांनी विचारलं, मग बाकीचा वेळ काय करायचं? हाच तर मुद्दा आहे. बसायचं.

ऑक्टोबरला स्वतःचे धोके आहेत, ते लपवत नाही. दुपारनंतर ढग भरून येतात, विजा पडतात. उघड्या सड्यावर तीननंतर थांबू नये. परतीचा पाऊस वर पडला तर खाली पाणी आताही वाढतं, तेव्हा धबधबा काठावरूनच पाहायचा. दुपारचं ऊन भाजतं, टोपी घ्या.

मुक्कामाची खोली ठरवताना एक गोष्ट होते, ती लिहायलाच हवी. फोनवर सगळं ठरतं, भाडं ठरतं, मग नाव विचारतात. नाव सांगितलं की कधी कधी खोली अचानक भरलेली निघते. एका ठिकाणी आमचं असंच झालं. पुढच्या गावात एका आजींनी नाव ऐकून फक्त एवढंच विचारलं, "भाकरी ज्वारीची चालंल ना?" पहिल्या अनुभवामुळे आपण फिरणं सोडलं तर सह्याद्री कुणाचा हे त्या फोनवाल्यानं ठरवलं असं होईल. मी नाव पहिल्या वाक्यात सांगतो. वेळ वाचतो.

राहिली शाळा. आमच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात, कारण पहिल्या सत्राची परीक्षा ऑक्टोबरात असते आणि पावसाळ्यात कुणी जबाबदारी घेत नाही. डिसेंबरात ठोसेघरला पाण्याची बारीक रेघ असते, कासवर वाळलेलं गवत. मग मुलांना वॉटर पार्कला नेतात. पश्चिम घाट २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत आला, त्यात कासही आहे, आणि बाजूच्याच जिल्ह्यातली मुलं नळाच्या पाण्याचा धबधबा पाहून येतात. परीक्षा एक आठवडा पुढं ढकलणं इतकं अशक्य आहे का? मी हे शिक्षकांच्या बैठकीत विचारलं, तर उत्तर मिळालं की वेळापत्रक वरून येतं. वरून तर हस्ताचा पाऊसही येतो, त्याचं वेळापत्रक मात्र कुणी पाहत नाही. यंदा पुन्हा विचारणार आहे, या वेळी लेखी.

तोवर ज्यांना जमेल त्यांनी निघावं. कासचं प्रवेशशुल्क असतं आणि नोंदणी ऑनलाइन करता येते. रोज सोडायच्या लोकांची मर्यादा आहे, तेव्हा आधी करा आणि शक्यतो आठवड्यातल्या मधल्या दिवसाची करा. फुलांवर पाय देऊ नका. घरच्या बाईला पुढच्या सीटवर बसवा.