बकरी उलटी का चालते?

आठवीतल्या एका मुलीने मागच्या वर्षी माझ्या तासाला वहीच्या कोपऱ्यात बकरी काढली. एक नव्हे, शंभर. दोनशेपानी वहीच्या प्रत्येक कागदावर एक. अंगठ्याने पानं भराभर सोडली की बकरी चालायला लागायची, गणिताच्या गृहपाठापाशी यायची, हुंगायची आणि अख्खा गृहपाठ गिळून ढेकर द्यायची. मी वही जप्त केली, टीचर्स रूममध्ये नेली आणि चार वेळा पाहिली.

माझ्या शेजारी गणिताच्या मॅडम बसतात. त्यांनी वही हातात घेतली आणि सवयीप्रमाणे मराठी वहीसारखी डावीकडून उघडली. वही उर्दूची, उजवीकडून सुरू होणारी. कागद पातळ, पेनाची शाई मागच्या बाजूला उमटलेली. त्यांना दिसलं ते असं, की बकरी उलट्या पावलांनी चालतेय आणि तोंडातून गृहपाठ बाहेर काढून ठेवतेय. मॅडम म्हणाल्या, ‘‘ही बकरी चांगली आहे की हो, गृहपाठ परत करते.’’ दोघी इतक्या हसलो की शिपाई डोकावून गेला.

वही परत दिली तेव्हा त्या मुलीने विचारलं, ‘‘टीचर, इसके पैसे मिलते क्या?’’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी दौंडला राहते, शिरूरला शिकवते. बीएडला आम्हाला पाठ टाचण शिकवलं, फलकलेखन शिकवलं, पण मुलाने वहीत बकरी चालवली तर पुढचा रस्ता कुठला दाखवायचा हे काही शिकवलं नाही. मग मी शोधायला लागले. एसटीत वेळ भरपूर मिळतो. (महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून बसायला जागा मिळत नाही, पण वेळ मिळतो.)

शोधताना मुंबईच्या ‘वैभव स्टुडिओज’ची ओळख झाली. वैभव कुमारेश यांनी २००३ साली सुरू केलेला हा छोटा, स्वतंत्र स्टुडिओ. माझ्या वयाच्या लोकांना चॅनल व्हीवरचा ‘सिंपू’ आठवत असेल, तो यांचाच. आजच्या मुलांना विचाराल तर ती ‘लंपट’ सांगतील. मराठीत या शब्दाचा अर्थ काय होतो ते मुलांना माहीत नाही, आणि मीही सांगितलेला नाही. कार्टून नेटवर्कसाठी केलेली ही मालिका. प्रयोगशाळेतून निसटलेला एक नारिंगी गोळा आणि त्याच्या मागे लागलेले दोन डॉक्टर, एवढीच गोष्ट. गोळा कधी खुर्ची होतो, कधी कुत्रा, कधी माणूस. सुरुवातीचे भाग फक्त पंधरा सेकंदांचे होते. नंतर लांबी वाढली, पण एक गोष्ट बदलली नाही. त्यात कुणी एक शब्द बोलत नाही.

आमच्या शाळेत एक टीव्ही आहे. एका शनिवारी शेवटच्या तासाला मी तो लावला. माझ्या वर्गात रांजणगाव एमआयडीसीत कामाला आलेल्या बिहार-उत्तर प्रदेशच्या कुटुंबांतली मुलं आहेत, घोडनदीची जुनी पिढीजात मुलं आहेत, आसपासच्या गावांतून येणारी, घरात दखनी बोलणारी मुलं आहेत. एरवी मी विनोद सांगितला की आधी एक रांग हसते, मग तिने समजावल्यावर दुसरी हसते, आणि तिसरी तास संपल्यावर. त्या दिवशी सगळा वर्ग एकाच क्षणाला हसला. चौदा वर्षांच्या नोकरीत मी हे फार कमी वेळा पाहिलंय.

मुलांना मी हिशेबही करायला लावला. सिनेमात सेकंदाला चोवीस चित्रं धावतात. कार्टूनवाले बहुतेक वेळा एकच चित्र दोनदा वापरतात, म्हणजे सेकंदाला बारा काढली तरी भागतं. पंधरा सेकंदांना एकशे ऐंशी. बकरीवाली मुलगी लगेच म्हणाली, ‘‘मतलब मेरी बकरी आठ सेकंद की है.’’ शंभर भागिले बारा. गणिताच्या मॅडमना हे सांगितलं, तर म्हणाल्या, गृहपाठ खाल्ला तरी गणित पचलं म्हणायचं.

आता माझं मत सांगते, कारण इथून पुढे मला हसू कमी येतं.

शब्द नसलेला विनोद सगळ्यांना पोचतो, हे खरं. पण शब्द टाळले की आमची अडचणही टळते, आणि ती टळू नये असं मला वाटतं. माझ्या वर्गातली मुलं वेबवर जी विनोदी कार्टून बघतात, त्यातली बरीचशी उत्तर प्रदेशी ढंगाच्या हिंदीत बोलतात. दोन माणसं, हलणारे ओठ, घरगुती भांडण, शाळेतला मास्तर, भाव करणारा गिऱ्हाईक. चित्र साधं, सगळी मजा बोलण्याच्या लयीत. त्याचा एक परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. एमआयडीसीतल्या कामगाराचा एक मुलगा आधी वर्गात तोंड उघडायचा नाही, कारण तो ‘हम’ म्हणाला की पोरं फिदीफिदी हसायची. खरं सांगायचं तर एकदा मीही हसले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, ते अजून आठवतं. पण ही कार्टून लोकप्रिय झाली आणि बघता बघता मधल्या सुट्टीत त्याच्याभोवती घोळका जमायला लागला. ‘‘वो वाला डायलॉग बोल ना.’’ जी बोली लपवायची होती, तिची शिकवणी सुरू झाली. कुठल्याही सरकारी उपक्रमाने हे झालं नसतं.

मग आमच्या बोलीचं काय? आम्ही घरात जे बोलतो ते पाठ्यपुस्तकातलं उर्दू नाही, प्रमाण मराठीही नाही. ‘‘मेरा पोट दुखताय, मैं शाळेकू नै जाती,’’ असं म्हणणारी पोर शाळेत आली की उर्दूचा तास तिला सांगतो, पोट नव्हे ‘पेट’. आणि मराठीच्या तासाला ती गप्प बसते. दोन्ही तास माझेच आहेत, म्हणजे दोन्हीकडे दोष माझाच. या बोलीत शिव्या आहेत, म्हणी आहेत, सासू-सुनेचे टोमणे आहेत, बाजारातली घासाघीस आहे. नाहीत ती फक्त कार्टूनं. हैदराबादच्या दखनीवर सिनेमे निघाले, लोक पोट धरून हसले. भीमेच्या आणि घोडच्या काठची, मराठीत भिजलेली दखनी मात्र पडद्यावर कुणी ऐकवत नाही.

पडद्यावर आम्ही नसतो असं नाही. असतो, पण दुसऱ्याच्या विनोदात. पंक्चरवाला. हा शब्द आता धंद्याचं नाव राहिलेला नाही, मुसलमानाला चिडवायचं नाव झालंय. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या अब्बांचं नगर रोडला पंक्चरचं दुकान आहे. त्याने मला विचारलं, ‘‘टीचर, पंचर निकालना बुरा काम है क्या?’’ मी नाही म्हटलं. त्याने मान डोलावली, पण त्याला ते पटलं नव्हतं हे मला कळलं.

नंतर त्याच मुलाला मी दुकानातली गंमत लिहायला सांगितली. त्याने लिहिलेला माणूस असा : रात्री अकराला येतो, अब्बांना झोपेतून उठवतो, तीन वेळा टायर पाण्यात बुडवायला लावतो, पंक्चर सापडत नाही, तेव्हा म्हणतो, मग नुसती हवा भरा, आणि हवेचे पैसे कशाला, हवा तर अल्लाहची आहे. अब्बा म्हणतात, हवा अल्लाहची, पंप मेरा. मी हे वाचून वर्गात मोठ्याने हसले. पंक्चरवाल्यावर रोज जो विनोद होतो, त्यात हा माणूस कधीच येणार नाही, कारण तो विनोद करणारा या दुकानात कधी बसलेला नाही.

असं कुठे झालंय का, असं कुणी विचारेल. झालंय. दुबईत मोहम्मद सईद हारिब नावाच्या तरुणाने २००६ साली ‘फ्रीज’ नावाची कार्टून मालिका आणली. नायिका कोण, तर चार म्हाताऱ्या. बुरखा, तोंडावर पारंपरिक मुखवटा, बदलत्या शहरावर सतत कुरकुर, आणि भाषा तिथली स्थानिक बोली. रमजानमध्ये ती लागली आणि घराघरांत पाहिली गेली. २०१३ साली पाकिस्तानात हारून या गायकाने ‘बुरका ॲव्हेंजर’ काढली. तिची नायिका जिया ही शाळेतली टीचर, आणि मुलींची शाळा बंद पाडणाऱ्यांशी ती लढते ती पुस्तकं आणि लेखण्या फेकून. मला अर्थातच ती आवडते. बुरख्याला असं मिरवणं बरं नाही, अशी टीका तिथल्याच काही स्त्रियांनी केली, आणि त्या टीकेत तथ्य आहे असं मलाही वाटतं. पण तो वाद त्यांनी स्वतःच्या पात्रावर घातला. आमच्याकडे वाद घालायला पात्रच नाही.

आता घरातली गोष्ट. बकरीवाल्या मुलीच्या भावाने सांगितलं, जानदार चीजों की तस्वीर बनाना जायज नहीं. हा आक्षेप मी झटकून टाकणार नाही. माझ्या माहेरीही भिंतीवर फोटो नव्हते. उलेमांमध्ये यावर मतं वेगवेगळी आहेत, आणि फतवा देणं माझं काम नाही. मी त्या मुलाला फक्त एवढं सांगितलं, की नगरच्या निजामशाहीत ‘तारीफ-ए-हुसेनशाही’ नावाचं सचित्र फारसी काव्य तयार झालं. त्यात राजा आहे, राणी आहे, हत्ती-घोडे आहेत. ते हस्तलिखित आज पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. नगर रोडच्या एका टोकाला काढलं, दुसऱ्या टोकाला जपलं, आणि मध्ये आपलं शिरूर. तो म्हणाला, वो बादशाह लोग थे. बरोबर आहे. बादशहाला कोण विचारणार होतं.

पैशांचा प्रश्न मात्र मी टाळू शकत नाही, कारण तो तिने विचारला होता. वैभव स्टुडिओजसारखे लोक जाहिराती करतात, वाहिन्यांची कामं करतात, आणि त्यातून उरलेल्या पैशांवर आणि वेळेवर स्वतःचं काम उभं करतात. त्यांचा ‘रिटर्न ऑफ द जंगल’ हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट असाच वर्षानुवर्षं स्वतःच्या बळावर बनत राहिला आणि २०२५च्या मे महिन्यात चित्रपटगृहांत आला. (मला तो तिथे पाहता आला नाही, घरात लग्न होतं.) स्वतंत्र असण्याचा खर्च असा असतो, हे मी तिला लपवलं नाही. दुसरी बाजूही सांगितली. २०२५ साली ज्या ‘फ्लो’ला ऑस्कर मिळालं, तो लॅटव्हियासारख्या चिमुकल्या देशातल्या दिग्दर्शकाचा सिनेमा. तो ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बनला, आणि त्यातही एक शब्द नाही. आणि आपल्या दादासाहेब फाळक्यांनी तर १९१५ साली आगपेटीच्या काड्या एकेक करून सरकवल्या आणि ‘आगकाड्यांची मौज’ केली. काड्यांना किती पैसे लागतात?

राज्य सरकारने २०२५मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगचं धोरण मंजूर केलं, ३,२६८ कोटींचा आराखडा आहे. चांगलं आहे. माझ्या वर्गातल्या मुलीला एक जुना लॅपटॉप हवाय. अनेक उर्दू शाळांत कलाशिक्षक नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षा कला संचालनालय घेतं, दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात, पण आमच्या मुलांना त्याचा फॉर्म कधी भरायचा हेही कुणी सांगत नाही. इथे मला सरकारपेक्षा आपल्या लोकांवर जास्त राग आहे. दरवर्षी जूनमध्ये मोहल्ल्यात सत्कार होतात. नव्वद टक्केवाल्याला शाल, ट्रॉफी, आणि ‘बेटा डॉक्टर बनेगा’. हॉलचं भाडं, बिर्याणी, पाहुण्यांचे हार. त्या एका कार्यक्रमाच्या खर्चात दोन जुने लॅपटॉप येतात. मी हे एका बैठकीत बोलले, तर एक बुजुर्ग म्हणाले, ‘‘टीचर, बच्चों को कार्टून बनाना है क्या?’’ सगळे हसले. मीही हसले, कारण वाक्य खरंच मजेदार होतं. मग म्हटलं, हौ, बनानाच है.

लॅपटॉप अजून आलेला नाही. मुलगी आता नववीत आहे. अम्मीच्या मोबाइलवर फ्लिपाक्लिप नावाच्या ॲपमध्ये बोटाने काढते. एलिमेंटरीचा फॉर्म आम्ही भरला, भावाने फीला नाही म्हटलं नाही, आणि होही म्हटलं नाही. फी अम्मीने दिली.

बकरी आता वीस सेकंदांची झालीय आणि तिला आवाजही आहे. गृहपाठ खाल्ल्यावर एक म्हातारी येऊन तिला झापते, असा नवा शेवट आहे. त्यासाठी दादीला बोलायला सांगितलं, तर दादीने साफ नकार दिला. दोन दिवस मागे लागल्यावर ती भडकली, आणि मोबाइल सुरूच होता : ‘‘कायकू मेरे पीछे पडी गे? जा, अभ्यास कर! दिनभर बकरी, बकरी! कल को तूच बें बें करिंगी!’’

तोच आवाज कार्टूनला लावलाय. दादीला अजून सांगितलेलं नाही.