मालकाच्या खुंटीला टांगलेला परवाना

२०२० सालच्या महासाथीचे हिशेब बहुतेकांनी मिटवून टाकले आहेत. पायी चालत गावी निघालेल्या मजुरांविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि ते योग्यच झाले. समुद्रापलीकडे असलेल्या आपल्या श्रमिकांचा प्रश्न मात्र त्या काळीही विमानांच्या वेळापत्रकाचा प्रश्न म्हणून पाहिला गेला. तो मुळात वेतनाचा आणि हक्काचा प्रश्न होता.

अर्थशास्त्राच्या वर्गात श्रमाच्या बाजाराचा धडा आम्ही वर्षानुवर्षे शिकविला. त्यातले पहिलेच गृहीतक असे की, एका मालकाकडे जमले नाही तर कामगार दुसऱ्याकडे जाऊ शकतो. मार्क्सने भांडवलशाहीची इतकी निर्दय चिकित्सा केली, पण मजूर दुहेरी अर्थाने मुक्त आहे हे त्यानेही मान्य केले होते : उत्पादनाच्या साधनांपासून तो मुक्त, आणि आपली श्रमशक्ती कोणालाही विकण्यास मुक्त. व्हिसा एका मालकाच्या नोकरीला बांधला की पहिली ‘मुक्ती’ तेवढी शिल्लक राहते.

अमेरिकेचा एच-१बी व्हिसा हे या व्यवस्थेचे पांढरपेशे रूप. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गाला तो प्रतिष्ठेचा वाटतो. परंतु नोकरी सुटलेल्या अभियंत्याला त्या देशात राहण्यास जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. जानेवारी २०१७ पासूनचा हा नियम आहे. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतील बेकारी चौदा टक्क्यांच्या वर गेली. प्राप्तिकराच्या विवरणपत्राची मुदत १५ एप्रिलवरून १५ जुलैवर नेण्यात आली, विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जाचे हप्ते थांबविण्यात आले. साठ दिवसांचे घड्याळ मात्र चालूच राहिले. इकडे भारताने २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद केली होती. म्हणजे राहावे तर बेकायदा, आणि जावे तर विमान नाही!

७ मे रोजी ‘वंदे भारत’ची उड्डाणे सुरू झाली तेव्हा आणखी एक विचित्र प्रकार समोर आला. आईबाप भारतीय नागरिक, पण तान्हे मूल अमेरिकेत जन्मलेले, म्हणून अमेरिकेचे नागरिक. अशा मुलांच्या ओ.सी.आय. कार्डावरील प्रवेशाची सवलत सरकारने मार्चमध्येच स्थगित केली होती. आईबापांना विमानात जागा मिळे, मुलाला मिळत नसे. २२ मे रोजी हा नियम शिथिल झाला. तोवर कित्येक कुटुंबांच्या साठांपैकी बरेच दिवस सरले होते.

२२ जून रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या एच-१बी धारकांचा प्रवेश वर्षअखेरपर्यंत बंद केला. शेतमजुरांचा एच-२ए व्हिसा मात्र त्या बंदीतून वगळला होता, कारण शेतातले पीक महासाथीसाठी थांबत नाही. याला अपवाद म्हणावे की नियम, ते वाचकांनीच ठरवावे.

हे सुशिक्षितांचे झाले. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून आखाती देशांत गेलेल्या गवंड्याची, वाहनचालकाची स्थिती याच जातीची, पण कितीतरी अधिक कठोर. तेथील ‘कफाला’ पद्धतीत राहण्याचा परवाना मालकाच्या नावाशी जोडलेला असतो. कायदा काहीही म्हणो, पासपोर्टही पुष्कळदा मालकाच्याच कपाटात असतो. काम बंद पडले, मागचे दोन-तीन महिन्यांचे वेतन थकले, आणि कामगाराला विमानात बसविण्यात आले. परदेशातून दावा चालविणार कोण? विमानभाडेही प्रवाशानेच भरायचे होते. एप्रिल २०२० मध्ये कुवेतने मुदत संपलेल्या परदेशी कामगारांना दंडाविना जाऊ देण्याची तयारी दाखविली, तिकिटाचा खर्चही देऊ केला. पण आमची दारे बंद होती, आणि शेकडो भारतीयांना छावण्यांत वाट पाहत बसावे लागले. सगळा दोष अरब शेखांवर टाकून मोकळे होण्याची आपल्याकडे सवय आहे. ती सोडावी. कतारने तर त्याच वर्षी जुन्या मालकाच्या ना-हरकत पत्राशिवाय नोकरी बदलण्याची मुभा कायद्याने दिली. अंमल किती झाला हा वेगळा मुद्दा, पण पाऊल योग्य दिशेचे होते.

आपल्या सरकारने त्याच सुमारास काय केले? याहून कमी वेतनावर आमचा मजूर पाठवू देणार नाही, असा एक किमान दर भारत सरकार आखाती देशांसाठी ठरवून देत असते. सप्टेंबर २०२० मध्ये दोन परिपत्रके काढून हा दर तीस ते पन्नास टक्क्यांनी खाली आणण्यात आला. समर्थन असे की, दर चढा राहिला तर मालक शेजारच्या देशांतील मजूर घेतील आणि आपल्यांचे काम जाईल. हे अर्थशास्त्र ऐकायला शहाणपणाचे वाटते. मात्र आपण दर उतरविला की नेपाळ-बांगलादेशचे सरकारही तोच युक्तिवाद करून आपला उतरवील, आणि शेवटी कामे तितकीच राहून सगळ्यांचे वेतन तेवढे घटेल. खरा मार्ग मजूर पाठविणाऱ्या देशांनी एकत्र येऊन एकच किमान दर धरण्याचा होता. तेल विकणाऱ्या देशांना जे सुचते ते श्रम विकणाऱ्या देशांना सुचू नये, याचे नवल वाटते.

मुदतीचे घड्याळ थांबविणे अशक्य होते असेही नाही. पोर्तुगालने २८ मार्च २०२० रोजी, ज्यांचे निवासाचे अर्ज प्रलंबित होते त्या परदेशीयांना काही काळापुरते कायदेशीर रहिवासी मानले. त्यांना दवाखाना आणि रोजगार या दोन्हींचा हक्क मिळाला. सवलत तात्पुरती होती, पण निर्णय एका सरकारी आदेशाने झाला.

आखातातील कामगारांच्या वतीने प्रकरण न्यायालयात गेले आणि जुलै २०२१ मध्ये ती परिपत्रके मागे घेण्यात आली. मधल्या सुमारे दहा महिन्यांचे काय? त्या काळात किती जण उतरलेल्या दरावर करार करून गेले, नंतर त्यांपैकी कितींचे वेतन पूर्ववत झाले, आणि परत आलेल्यांच्या थकलेल्या वेतनापैकी किती रक्कम दूतावासांनी वसूल करून दिली, हे तीन प्रश्न आपल्या संसद सदस्यांनी लेखी विचारावेत. कोकणातील कार्यकर्त्यांनी उत्तराची वाट न पाहता गावोगावच्या परतलेल्यांच्या थकबाकीची यादी आजच करावयास घ्यावी. करारपत्रे अजून कित्येकांच्या पेटीत आहेत.