संशोधनाच्या आढाव्यावर किती विसंबावे?

शेतीच्या एकाच प्रश्नावर निरनिराळ्या ठिकाणी प्रयोग होतात आणि त्यांचे निष्कर्ष पुष्कळदा परस्परविरोधी निघतात. अशा वेळी एखादा जाणकार ते सर्व वाचून त्यांचा मथितार्थ सलग विवेचनाच्या रूपाने मांडतो. यासच वर्णनात्मक आढावा म्हणतात. अनेक शिफारशींना अशा आढाव्याचा आधार असतो. म्हणून त्याचे गुणदोष गावपातळीवरील कार्यकर्त्यास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

नांगरटीविना शेतीचे उदाहरण घ्यावे. जमीन न नांगरणे, पिकांचे अवशेष जमिनीवर राखणे व पिकांची फेरपालट करणे, ही या पद्धतीची तीन अंगे होत. आफ्रिकेत तिचा मोठा पुरस्कार चालू असता, २००९ साली केन गिलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील लहान शेतकऱ्यांच्या दृष्टीने संशोधनाचा आढावा घेतला. पिकांचे अवशेष गुरांना घालावे लागतात, मग जमिनीवर आच्छादन कशाचे करावे? तणनाशक न वापरल्यास वाढलेली खुरपणी कोणी करावी? हे ओझे स्त्रियांवर पडते, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

पुढे २०१५ साली ६१० अभ्यासांतील ५,४६३ तुलनांचे एकत्रित गणित मांडण्यात आले. केवळ नांगरट बंद केल्याने एकंदरीत उत्पादन घटते. अवशेष व फेरपालट यांची जोड दिल्यास घट कमी होते, आणि कोरड्या हवामानातील जिरायत शेतीत तर उत्पादन वाढते, असे आढळले. उत्पादन किती, हे गणिताने सांगितले. परंतु आच्छादन कोठून आणावे आणि खुरपे कोणाच्या हाती येते, हे वर्णनात्मक आढाव्यानेच दाखविले. म्हणून हा प्रकार टाकाऊ मानणे योग्य नव्हे.

तथापि त्यात एक धोका आहे. लेखक स्वमताला अनुकूल तेवढे प्रयोग निवडून प्रतिकूल ते वगळू शकतो, आणि वाचकाच्या ते ध्यानातही येत नाही. १९८७ साली सिंथिया मलरो यांनी वैद्यकीय नियतकालिकांतील ५० आढावे तपासले, तेव्हा माहिती कशी शोधली व निवडली हे स्पष्टपणे सांगणारा एकच आढळला.

यास्तव शिफारस हाती येताच कार्यकर्त्याने पाहावे : प्रयोग कोठे झाले? तेथील जमीन व पाऊसमान कसे होते? प्रतिकूल निष्कर्षांचा उल्लेख आहे काय? मजुरी व वैरण यांचा हिशेब धरला आहे काय? उत्तरे न मिळाल्यास सबंध शेतात बदल न करता, एका तुकड्यावर नवी पद्धत व शेजारी नेहमीची पद्धत ठेवून पडताळा घ्यावा. आढाव्यातील चूक पुढील लेखात दुरुस्त करता येते. शेतकऱ्याचा वाया गेलेला हंगाम मात्र परत येत नाही.