अँटीऑक्सिडंटवाली कोंबडी

मंडळी, चिकनच्या पाकिटावर ‘अँटीऑक्सिडंटयुक्त खाद्यावर वाढवलेली’ असं छापलं, की आपण आयटीवाले जास्तीचे पैसे हसत हसत मोजतो. ऑफिसातल्या ग्रीन टीवर तोच शब्द असतो ना! माझं म्हणणं सरळ आहे: त्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

आधी भानगड काय ते बघू. ब्रॉयलर पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या आसपास जातो. त्यासाठी मका-सोयाच्या खाद्यात तेल घालतात, आणि तेल म्हटलं की खवट होणं आलंच. शरीरातल्या चरबीचंही तेच. ते थोपवायला ई व्हिटॅमिन आणि सेलेनियम लागतं. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ सालीच ब्रॉयलरची ई ची गरज किलोभर खाद्यामागे १० युनिट अशी लिहून ठेवली आहे. म्हणजे त्याची जाहिरात करणं हे ‘आमच्या भाजीत मीठ आहे’ म्हणण्यासारखंच.

‘पण आमचा डोस जास्त असतो!’ असेल. १००-२०० मिलिग्रॅम दिल्यावर मांस उशिरा खवट होतं, हे खरं. उन्हाळ्यात धापा टाकणाऱ्या कोंबडीलाही थोडा आधार मिळतो. पण गरज भागल्यावर नुसतं ई वाढवून वजन फारसं वाढत नाही.

आता आमच्या दिघीत या. रविवारी दुकानासमोर रांग, कोंबडी डोळ्यांदेखत कापायची, दुपारी रस्सा. तीन तासांत पातेल्यात जाणाऱ्या मांसाला महिनाभर टिकून करायचंय काय? फायदा कोल्ड स्टोरेजवाल्याचा, बिल मात्र आपलं! आणि ई तुमच्या पोटात जावं असं वाटत असेल, तर फोडणीतलं चमचाभर सूर्यफूल तेल पुरे आहे.

खरा प्रश्न पाकिटावर छापलेलाच नसतो. तो आहे अँटिबायोटिक्सचा. २०१४ साली सीएसई या संस्थेने दिल्ली परिसरातले चिकनचे ७० नमुने तपासले, त्यातल्या ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश सापडले. कोलिस्टिन हे डॉक्टरांचं शेवटच्या फळीतलं औषध. तेही वजन वाढावं म्हणून कोंबड्यांना दिलं जायचं. जुलै २०१९ मध्ये सरकारने प्राण्यांसाठी आणि पशुखाद्याच्या पूरकांत त्यावर बंदी घातली. म्हणजे ‘फीड सप्लिमेंट’ या गोंडस नावाखाली काय काय खपू शकतं ते बघा.

यात शेतकऱ्याला शिव्या देऊ नका. करारावरच्या शेडमध्ये पिल्लं, खाद्य, औषधं सगळं कंपनीचं. शेतकऱ्याची फक्त जागा, वीज आणि मेहनत, वर किलोमागे ठरलेले पैसे. खाद्यात काय असावं हे तो ठरवत नाही.

तेव्हा प्रश्न कंपनीलाच विचारा: कोणती अँटिबायोटिक्स दिली, कापण्याआधी किती दिवस बंद केली, तपासणीचा रिपोर्ट कुठे आहे? कोडमधली एक ओळ टेस्ट केल्याशिवाय पुढे न सोडणारी माणसं आपण, आणि पोरांच्या ताटात जाणाऱ्या गोष्टीचं नुसतं लेबल वाचून खूष?

असो. रिपोर्ट दाखवणारा भेटला तर त्याला दोन पैसे जास्त द्या. अँटीऑक्सिडंट दाखवणाऱ्याला नको.