विषादाकडून योगाकडे

उद्योगजगतात सध्या कर्मचाऱ्यांच्या ‘मानसिक कणखरपणा’ची मोठी चर्चा आहे. २१ जूनला कार्यालयांतून योगसत्रे होतात, ताणमुक्तीवर व्याख्याने होतात. आणि दुसऱ्या दिवसापासून तीच अवास्तव उद्दिष्टे, त्याच रात्री उशिराच्या बैठका आणि सुट्टीच्या दिवशीही वाजणारे तेच फोन सुरू होतात. योगाला जगात मान मिळाला, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण व्यवस्थेचे दोष झाकण्यासाठी त्याचे पांघरूण होत असेल, तर तो योगाचाच अवमान आहे.

जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार, आठवड्याला ५५ तास वा त्याहून अधिक काम केल्यामुळे २०१६ या एका वर्षात पक्षाघात व हृदयविकाराने सुमारे ७ लाख ४५ हजार माणसे दगावली. तरीही २०२३ नंतर आपल्या काही उद्योगधुरीणांनी आठवड्याला ७० आणि ९० तास कामाचा पुरस्कार केला. राष्ट्र परिश्रमांतूनच उभे राहते, यात शंका नाही. परंतु माणसे मोडून राष्ट्र उभे राहत नाही.

मनोबल ही एकट्या व्यक्तीची पुंजी नव्हे. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नावच ‘अर्जुनविषादयोग’ आहे. अर्जुनासारखा धनुर्धर ऐन रणांगणावर खचतो. श्रीकृष्ण त्याला कठोर शब्दांत जागे करतो खरा, पण तो दुरून उपदेश करीत नाही. तो त्याच रथावर आहे, घोड्यांचे लगाम त्याच्या हाती आहेत, आणि अर्जुनाची प्रत्येक शंका तो ऐकून घेतो. म्हणूनच विषादाचाही योग होतो. आज आपल्या हाताखालच्या माणसाला ‘खंबीर राहा’ असे बजावणारे किती वरिष्ठ त्याच्या रथावर चढायला तयार आहेत?

दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ साली भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, ती वर्गसंघर्षाची कल्पना नाकारून. उद्योग हा एक परिवार आहे, ही त्यामागची धारणा. परंतु जादा काम मागताना परिवार आणि कपात करताना करार, असा सोयीचा अर्थ या शब्दाला देता येणार नाही. परिवार म्हटला की कर्त्यावरची जबाबदारी अधिक असते.

कर्मचाऱ्यानेही नित्य साधना, व्यायाम आणि स्नेहीजनांची सोबत सोडू नये. स्वतःचे मन घडविण्याचे कर्तव्य त्याला टाळता येणार नाही. पण कामाचे तास, विश्रांती आणि तक्रार निर्भयपणे मांडण्याची सोय हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे, आणि त्यासाठी आग्रह धरणे हे कामगार संघटनांचे. ही तिन्ही कर्तव्ये एकत्र आली, तरच कार्यालयातील योगदिन सार्थ ठरेल.